अँटीबॉडी निगेटिव्ह, तरी थायरॉइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि गेली अकरा वर्षं स्वतःही थायरॉक्सिनची गोळी घेते. माझी अँटी-टीपीओ (आपल्याच थायरॉइडविरुद्ध शरीरात बनणाऱ्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन काउंटरपाशीच थबकलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते मला न सांगता कळतं. खालचे प्रश्न सिडको, पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, दिंडोरी, निफाड अशा ठिकाणच्या लोकांनी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. रिपोर्ट कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मी सांगू शकते.

१. "थायरॉइड झालाय" म्हणजे नक्की काय झालंय?

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. ती थायरॉक्सिन हे हॉर्मोन कमी बनवायला लागली, की त्याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. हॉर्मोन कमी पडलं, की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणून टीएसएचचा आकडा वाढला, तर थायरॉइडचं काम कमी झालंय असं समजायचं. "टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला" हा गैरसमज मी रोज ऐकते.

थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळी जास्त जाणं, थंडी न सोसणं ही नेहमीची लक्षणं. मोठ्या माणसांत टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असतो.

२. डॉक्टरांनी केसपेपरवर "हाशिमोटो" लिहिलंय. रिपोर्टमध्ये तर हे नाव कुठेच नाही. हे काय आहे?

हाकारू हाशिमोटो हे जपानी सर्जन. त्यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींची दाटी झाल्याचं लिहून ठेवलं. आपल्याच रोगप्रतिकारक पेशी ग्रंथीत घुसतात, वर्षानुवर्षं मंद सूज राहते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. या जुनाट सुजेला त्यांचं नाव मिळालं.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. या आजारात रक्तात थायरॉइडविरोधी अँटीबॉडी सापडतात, हे १९५६ साली कळलं. त्याआधीची चव्वेचाळीस वर्षं हा आजार अँटीबॉडीशिवायच ओळखला जात होता, ग्रंथीच्या तुकड्यावरून. आज आपण रक्ताच्या एका टेस्टला आजाराचं दुसरं नावच करून टाकलंय, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

३. माझा टीएसएच १८ आहे, पण अँटी-टीपीओ निगेटिव्ह. मग मला थायरॉइड आहे की नाही?

आहे. टीएसएच वाढलेला आणि फ्री टी फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) कमी असेल, तर हायपोथायरॉइडिझम पक्का. अँटीबॉडीची टेस्ट फक्त "कशामुळे" या प्रश्नाला मदत करते. "आहे की नाही" ते टीएसएच आणि फ्री टी फोर ठरवतात, आणि गोळीची गरजही त्यांच्यावरूनच ठरते.

उलटही खरं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम होता, पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेले जवळजवळ २२ टक्के होते. म्हणजे अँटीबॉडी असूनही ज्यांची ग्रंथी व्यवस्थित चालते, अशी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत.

४. अँटीबॉडी नाहीत, तर ग्रंथीला सूज आणली कुणी?

हाशिमोटोच्या साधारण ९० ते ९५ टक्के रुग्णांत अँटी-टीपीओ सापडते. उरलेल्यांत सापडत नाही, याची कारणं एकाहून जास्त आहेत.

ग्रंथीची मुख्य नासधूस लिम्फोसाइट पेशी करतात, आणि त्या ग्रंथीच्या आत असतात. आपण तपासतो ते हाताच्या शिरेतलं रक्त. अँटीबॉडी ग्रंथीतच थोड्या प्रमाणात बनत असतील, तर त्या रक्तात मोजण्याइतक्या उतरत नाहीत. काहींची ग्रंथी इतकी आक्रसलेली असते, की सुजेचा जोर ओसरून गेलेला असतो. अनेक वर्षं गोळी चालू असलेल्यांतही अँटीबॉडीचं प्रमाण बऱ्याचदा उतरत जातं, त्यामुळे दहा वर्षांनी पहिल्यांदाच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर मला नवल वाटत नाही. ज्यांच्या शरीरात मुळातच अँटीबॉडी कमी बनतात, असे प्रतिकारशक्तीचे काही आजारही आहेत, पण ते विरळ.

अँटीबॉडी नसलेल्या रुग्णांत आजार बहुधा सौम्य असतो आणि ग्रंथी फारशी मोठी झालेली नसते. "बहुधा" या शब्दाकडे लक्ष द्या. प्रश्न ८ त्यासाठीच आहे.

५. दुसऱ्या लॅबमधून पुन्हा टेस्ट करू का?

एकदा करायला हरकत नाही, पण काय करायचं ते ठरवून करा. नुसती अँटी-टीपीओ झाली असेल, तर अँटी-थायरोग्लोब्युलिन ही दुसरी अँटीबॉडीची टेस्ट राहिलेली असते. थोड्या लोकांत फक्त दुसरीच पॉझिटिव्ह येते.

आणि दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येक किटची मर्यादा वेगळी असते. कुणाची ३४, कुणाची ६०, कुणाची दहाच्याही आत. एका मशीनवर "निगेटिव्ह" छापून आलेला माणूस दुसऱ्या मशीनवर सीमारेषेच्या पलीकडे जाऊ शकतो. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात संदर्भमर्यादा असते, ती आधी वाचा.

दोन्ही टेस्ट एकदा निगेटिव्ह आल्या, की दर सहा महिन्यांनी त्या करत बसू नका. त्याने उपचारात काहीही बदलत नाही. मी लॅबमध्ये काम करते, तरी हे सांगते : ते पैसे टीएसएचसाठी ठेवा.

६. मग सोनोग्राफी कशासाठी सांगितलीय? गाठ तर नाही मला.

अँटीबॉडी निगेटिव्ह असताना जुनाट सूज ओळखण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तोच. निरोगी थायरॉइड सोनोग्राफीत एकसारखी, उजळ करडी दिसते. हाशिमोटोत ती काळपट, खडबडीत, मध्येमध्ये बारीक ठिपके आणि पांढऱ्या रेषा असलेली दिसते. रिपोर्टमध्ये "हायपोएकोइक" आणि "हेटेरोजीनियस" हे दोन शब्द शोधा. टीएसएच वाढलेला, सोनोग्राफीत हे चित्र आणि रक्तात अँटीबॉडी नाहीत, अशी सांगड जमली तर डॉक्टर "सीरोनिगेटिव्ह थायरॉइडायटिस" म्हणतात. माझ्या फाइलमध्ये हेच लिहिलेलं आहे. सुईची तपासणी फक्त संशयास्पद गाठ असेल तरच लागते.

७. सोनोग्राफीही नॉर्मल आली. आता दुसरं काय कारण असू शकतं?

इथे मागचा इतिहास रक्तापेक्षा जास्त बोलतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी पुढच्या गोष्टी आठवून कागदावर लिहा.

आधी औषधं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, मनाच्या आजारासाठी लिथियम, कॅन्सरची काही नवी औषधं, हेपॅटायटिससाठी पूर्वी दिलं जाणारं इंटरफेरॉन. आपल्याकडे हमखास विसरलं जाणारं म्हणजे टीबी : औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर दिल्या जाणाऱ्या इथिओनामाइड आणि पास (पीएएस) या औषधांनी हायपोथायरॉइडिझम होऊ शकतो. ती औषधं थांबल्यावर बहुतेकांची ग्रंथी सावरते. सातपूरचा एक तरुण कामगार सहा महिने "हाशिमोटो असेल" या समजुतीत होता. टीबीच्या गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशातच होतं, पण त्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

मग गळा. थायरॉइडचं ऑपरेशन, रेडिओआयोडिनचा उपचार, गळ्याला दिलेले रेडिएशनचे शेक, अगदी वीस वर्षांपूर्वीचे असले तरी.

मग अलीकडचं आजारपण. सर्दी-तापानंतर गळ्याच्या पुढच्या भागात कानापर्यंत जाणारी दुखणी कळ आली असेल आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढला असेल, तर ती वेगळी, तात्पुरती सूज असते. तिच्यात टीएसएच आधी खाली जातो, मग वर चढतो आणि काही महिन्यांत बहुतेकांचा जागेवर येतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षातही अशी सूज येते, मात्र ती दुखत नाही. अशा वेळी गोळी कायमची असेलच असं नाही. ती कमी करून पाहायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

शेवटी आयोडिन. कमी पडलं तरी त्रास आणि फार झालं तरी त्रास. अँजिओग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या डायमध्ये भरपूर आयोडिन असतं, तसंच समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमध्येही.

८. अँटीबॉडी नाहीत म्हणजे आजार हलका. मग गोळी बंद केली तर चालेल?

नाही. या एका प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या मोठ्या जाऊबाई निफाड तालुक्यात राहतात, घरची द्राक्षबाग आहे. त्यांची अँटीबॉडी निगेटिव्ह आली, तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, "मग तुम्हाला थायरॉइड नाहीच, उगाच गोळ्या खाताय." त्यांनी दिवाळीत गोळी सोडली. आम्हाला कुणालाच बोलल्या नाहीत. मार्चमध्ये काढणी चालू असताना मी बागेत गेले, तर सगळे घामाघूम आणि त्या शेडमध्ये अंगावर शाल घेऊन बसलेल्या. पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा, एकेक शब्द ओढून बोलणं. हातातल्या बांगड्या निघेनात इतकी मनगटं भरली होती. मी म्हणाले, "ताई, गोळी चालू आहे ना?" त्या नुसत्या हसल्या. मी तिथेच रक्त घेतलं, पिवळ्या झाकणाची नळी रुमालात गुंडाळून लॅबला आणली. टीएसएच ८४.

डॉक्टरांनी त्यांच्या टाचेच्या वर हातोडीने टिचकी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला इतका वेळ लागला की आम्ही दोघी बघतच राहिलो. गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत शाल सुटली आणि बांगड्याही सैल झाल्या.

अँटीबॉडीचा रिपोर्ट बघून गोळी सुरूही करत नाहीत आणि बंदही करत नाहीत. गोळी थांबवायची ती प्रश्न ७ मधल्या तात्पुरत्या कारणांतच, डॉक्टरांच्या सांगण्याने आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून.

९. टीएसएच ६.८ आहे, फ्री टी फोर नॉर्मल. गोळी घ्यावीच लागेल का?

लगेच नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, बऱ्याच जणांचा आकडा आपसूक खाली येतो. दहाच्या वर टिकून राहिला तर सहसा गोळी सुरू करतात. साडेचार ते दहाच्या मधल्या लोकांत वय, लक्षणं, हृदयविकार, मूल हवंय का, असं सगळं बघून ठरवतात. अँटीबॉडी निगेटिव्ह असणं इथे मात्र थोडं उपयोगी पडतं : पुढे पूर्ण हायपोथायरॉइडिझम होण्याची शक्यता अशा लोकांत कमी असते, त्यामुळे थांबून बघायला हरकत नसते.

सत्तरीच्या आजी-आजोबांचा टीएसएच वयामुळेही थोडा वाढतो. ६५ वर्षांवरच्या लोकांत अशा किरकोळ वाढीवर गोळी देऊन थकव्यात फरक पडत नाही, असं २०१७ सालच्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दिसलं. वयस्कर हृदयाला नको असलेलं थायरॉक्सिन सोसवत नाही.

१०. गोळी नक्की कशी घ्यायची? चहानंतर चालते का?

सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी शोषण कमी होतं.

सकाळी जमतच नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते. वेळ एकच ठेवा. बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने गोळी खराब होते. कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा टीएसएच करून घ्या.

एखादा दिवस विसरलात तर घाबरू नका. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं. आठवेल तेव्हा घ्या. चतुर्थी असो की एकादशी, पाण्याबरोबरची गोळी घ्या.

११. महिन्याभरात तीन रिपोर्ट केले, तिन्ही वेगळे. लॅब चुकतेय का?

चुकू शकते, पण बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. टीएसएच दिवसभर बदलत असतो, रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी सकाळी साधारण त्याच वेळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त द्या. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा, त्याआधीचा टीएसएच अर्धवट चित्र दाखवतो.

आणि केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर आधी सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी फोर खोटा जास्त येतो, अँटीबॉडीचा आकडाही बिघडू शकतो. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिन आणि केस गळतात म्हणूनच थायरॉइडची टेस्ट, हे दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत होतं, म्हणून मी रक्त घेण्याआधी प्रत्येकीला विचारते.

१२. बाजरीची भाकरी, कोबी, सोयाबीन बंद करू? आणि शेंदेलोण वापरलं तर?

बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक आहेत, हे खरं. पण त्याचा त्रास दिसला तो जिथे आयोडिन कमी आणि जेवण जवळजवळ नुसतं बाजरीचंच, अशा भागांत. थंडीत आपण बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खातो, त्याने काही बिघडत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खा. सोयाबीन चालतं, फक्त गोळीच्या लगेच नंतर नको.

मिठाचं मात्र मनावर घ्या. देशात आयोडिनयुक्त मिठाचा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि घरात पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडिन असावं असा नियम आहे. शेंदेलोणात ते वरून घातलेलं नसतं. उपासापुरतं वापरा, रोजच्या आमटीला नको. तसंच, आयोडिन कमी असेल म्हणून स्वतःच्या मनाने आयोडिनच्या गोळ्या घेऊ नका. सुजलेली ग्रंथी जास्तीच्या आयोडिनने आणखी मंदावते.

१३. दिवस राहिलेत. अँटीबॉडी निगेटिव्ह आहे, मग निश्चिंत राहू?

गोळी चालू असेल तर निश्चिंत राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्या हॉर्मोनवर अवलंबून असतं. बरेच डॉक्टर आधीच सांगून ठेवतात, की गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सात ऐवजी नऊ गोळ्या सुरू करा. निम्मे दिवस उलटेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तो अडीचच्या आत. बाळंतपणानंतर डोस पूर्वीवर येतो. अंगावर पाजायला काहीच अडचण नाही. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासायला सांगा, आग्रहाने सांगा.

१४. कांचनार गुग्गुळ, अश्वगंधा घेऊन गोळी सुटेल का?

कमी पडलेलं हॉर्मोन भरून काढणारं औषध थायरॉक्सिनच. अश्वगंधेने काहींत थायरॉइड हॉर्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे गोळीबरोबर घेतलीत तर रिपोर्टही हलतो आणि छातीत धडधडही होऊ शकते. वैद्यांकडे जात असाल तर जा, पण गोळी सोडू नका आणि दोघांनाही एकमेकांची औषधं दाखवा.

१५. टीएसएच नॉर्मल आलाय, तरी मी दिवसभर थकलेली असते. अँटीबॉडी लपलेल्या असतील का?

थकव्याचं खापर न सापडलेल्या अँटीबॉडींवर फोडू नका. हिमोग्लोबिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर, झोपेत घोरणं आणि श्वास अडखळणं, मनाची उदासी हे सगळं आधी तपासायला हवं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असण्याचं प्रमाण मला रोजच्या रिपोर्टमध्ये दिसतं. डोस खूप वाढवूनही टीएसएच उतरत नसेल, तर शोषणाचा प्रश्न असतो. तिथे प्रश्न १० पुन्हा वाचा आणि डॉक्टरांना सीलिअ‍ॅक या गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराबद्दल विचारा.

१६. टीएसएच २.१, अगदी नॉर्मल. पण फ्री टी फोर कमी. आणि अँटीबॉडी निगेटिव्ह. हे कसं?

हा रिपोर्ट दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दोष थायरॉइडमध्ये नसून पिट्युटरीत असू शकतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, अशी हकिगत असेल तर डॉक्टरांना ती जरूर सांगा, पंधरा वर्षं झाली असली तरी. अशा रुग्णांत कॉर्टिसोल हे ताण सोसायला लागणारं हॉर्मोनही कमी असू शकतं. आधी कॉर्टिसोल तपासून गरज असेल तर स्टेरॉइड सुरू करतात आणि मगच थायरॉक्सिन देतात. क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं. यांच्यात डोस टीएसएचवर नाही, फ्री टी फोरवर ठरतो.

१७. टीएसएच ४०, पण फ्री टी फोर नॉर्मल, सोनोग्राफी स्वच्छ, अँटीबॉडी नाहीत आणि मला काहीच त्रास नाही. गोळी घेऊ?

थांबा. असा रिपोर्ट मी फार क्वचित पाहिलाय, पण पाहिलाय. काहींच्या रक्तात टीएसएच दुसऱ्या प्रथिनाला चिकटून मोठा गोळा बनतो. मशीन तो मोजतं, शरीराला मात्र त्याचा उपयोग नसतो. काहींत टेस्टच्या रसायनांनाच चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात. अशा माणसाला गोळी देत गेलं, तरी आकडा तसाच राहतो आणि डोस वाढत जातो.

लॅबला फोन करून तोच नमुना वेगळ्या कंपनीच्या मशीनवर लावायला सांगा. नमुना पातळ करून पुन्हा मोजणं आणि पीईजी नावाच्या रसायनाने मोठे रेणू बाजूला काढून मोजणं, हेही मोठ्या लॅबमध्ये होतं. बहुतेक लॅब उरलेला नमुना काही दिवस फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणून रिपोर्ट आला त्याच दिवशी फोन करा.